पहिल्या नंबरावर वैजयंती

बुधवार, ६ ऑगस्ट २०२५, नेरूळ.
सकाळी पाण्याला दाब कमी. पोस्टात जाऊन पासबुक भरून घेतलं. दुपारी वैजयंती आली, न सांगता चार पुरणपोळ्या घेऊन. तिची वेबसाइट गूगलवर कुणाला सापडत नाही म्हणते. शौनकला विचारून मजकूर मी लिहून देईन असं कबूल केलं. रात्री मुगाची खिचडी.

त्या दिवशीची नोंद एवढीच आहे. कबूल केलं ते मोठ्या आनंदानं, हे मी लिहिलेलं नाही, पण मला आठवतं. सत्तरी उलटलेल्या बाईला कुणी इंटरनेटच्या कामासाठी विचारलं तर ती खूश होणारच.

वैजयंती शेवाळे करावे गावात राहते. माहेर वाईजवळच्या खेड्यातलं. लग्न होऊन इकडे आली तेव्हा नवरा सयाजी वाशीच्या बाजारात कांद्याची पोती उचलायचा. पुढे त्याची कंबर गेली. आता तो बसल्या बसल्या गुळाच्या ढेपी फोडतो, नारळ खवतो आणि टोमणे मारतो. घर वैजयंतीच्या हातावर चालतं. आधी ती आमच्या सोसायटीत पोळ्या लाटायला यायची. मग बायका सणाला पुरणपोळ्या सांगू लागल्या, मग बारशाचं जेवण, मग मुंजीच्या आदल्या दिवशीचं. पदार्थ एकदा दाखवला की तिला पुन्हा विचारावं लागत नसे. आमच्याकडचं पंचामृत मी तिला शिकवलं. माझी आई त्यात तिळाऐवजी कारळ्याचं कूट घालायची आणि ओल्या खोबऱ्याचे काप थेट मिरच्यांबरोबर परतायची. वैजयंतीनं चाखून बघितलं आणि म्हणाली, "काकू, हे आमच्यात कुणी खाणार नाही. पण मी खाणार."

माझे यजमान विलास गेले, तेव्हा तेराव्या दिवसाचा स्वयंपाक तिनंच केला. मी त्या दिवसात जेवत नव्हते. तिनं माझं ताट वाढलं नाही, की आग्रहही केला नाही. सगळे उठल्यावर स्वतःसाठी घेतलेल्या ताकभातातला अर्धा माझ्या वाटीत काढला आणि बाजूला बसून जेवायला लागली. मग मीही जेवले.

तिची वेबसाइट बेलापूरच्या कुणी तरी करून दिली होती. तीन फोटो, एक फोन नंबर, आणि 'आमच्याकडे सर्व प्रकारचे जेवण मिळेल' हे एक वाक्य. वैजयंतीचं म्हणणं असं, की तिचं स्वतःचं नाव टाकलं तरी भलत्याच वैजयंतीचं साड्यांचं दुकान येतं.

माझा नातू शौनक ऐरोलीला याच कामाच्या कंपनीत आहे. रविवारी तो आणि त्याची बायको जाई सीवूड्सहून आले, तेव्हा त्यानं मला समजावलं.

"आजी, लोक काय टाइप करतात ते आधी बघायचं. मग त्याचं सरळ उत्तर लिहायचं. आपली स्तुती नाही लिहायची. गावाचं नाव, प्रसंगाचं नाव, आणि जेवलेल्या माणसाचा खरा अनुभव. बस."

"म्हणजे परीक्षेचा पेपरच."

"तेच. आणि पेपर तपासणारा कधीच दमत नाही."

त्यानं लॅपटॉपवर शोधांची यादी दाखवली. पुरणपोळीसाठी पुष्कळ लोक शोधत होते, पण उत्तरं देणारेही पुष्कळ. डोहाळजेवण, मुंज यांवर मोठ्या साइट बसलेल्या. "यांची स्वतःची स्वयंपाकघरं पण नसतात," शौनक म्हणाला. "ऑर्डर घेतात आणि पुढे कुणाला तरी देतात. यांना हलवणं कठीण." मग त्यानं एका ओळीवर बोट ठेवलं. 'श्राद्धाचे जेवण नेरूळ.' 'तेराव्याचा स्वयंपाक कोण करून देईल.' 'पितृपक्षात कोणत्या भाज्या चालतात.' शोधणारे होते, उत्तर देणारं जवळपास कुणी नव्हतं.

मला ते उत्तर येत होतं. आमच्या घरची, सासरची, माहेरची कितीतरी श्राद्धं मी पाहिली आहेत आणि त्या त्या दिवशी काय रांधलं ते लिहून ठेवलं आहे. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला सिस्टर सांगायच्या की उत्तराचं पहिलं वाक्य असं हवं, की पुढचं कुणी वाचलं नाही तरी चालेल. तसंच लिहिलं. कोकणातल्या घरी काय करतात, देशावरच्या घरी काय, वडे कसले, खीर कसली, आमसुलाची चटणी का हवी, परगावच्या माणसांना डबे द्यायचे असतील तर काय टिकतं. आणि शेवटी माझा अनुभव, माझ्या नावानं. विलासचं तेरावं, वैजयंतीचा स्वयंपाक, आणि तो ताकभात. लिहिताना मी रडले, आणि वाचून बघताना मला ते फार चांगलं उतरलं आहे असंही वाटलं.

वैजयंतीला वाचून दाखवलं. ताकभाताशी आल्यावर तिनं पदर डोळ्यांना लावला. मग थोड्या वेळानं म्हणाली, "काकू, पण तेराव्याचं एवढं पुढं कशाला? पुरणपोळीचं टाकू की आधी."

"अगं, लोक जे शोधतात तेच वर येतं."

"लोक शोधतात वो. पण..." ती थांबली. "जाऊ द्या. तुमाला कळतं त्यातलं."

मला कळतं, असंच मलाही वाटलं. मी पुढे विचारलं नाही.

पितृपक्ष लागायच्या आत तिचं पेज पहिल्या नंबरावर आलं. शौनकनं मला फोटो पाठवला. सगळ्यात वर वैजयंतीचं नाव आणि खाली माझंच वाक्य. पंधरा दिवस तिचा फोन थांबला नाही. खारघर, सानपाडा, कामोठे. मुलं परदेशात असलेले म्हातारे, आणि आई गेल्यावर काय करायचं तेच ठाऊक नसलेली तरुण माणसं. एका मुलीनं फोनवर रडत विचारलं, की आईला मासे फार आवडायचे, तर पानात ठेवले तर चालेल का. वैजयंतीनं तिला सांगितलं, "बाळा, तुझी आई, तू ठरव. मला कुणी विचारलं तर मी नाही ऐकलं म्हणून सांगीन."

सयाजी म्हणायचा, "आता यमाचा पण नंबर सेव्ह करून ठेव. तिकडनं आधीच कळेल, डाळ भिजवायला बरं."

तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो.

दिवाळीनंतर लग्न-मुंजीचे दिवस आले आणि फोन थांबला. थांबला म्हणजे मंगलकार्याचा. तेराव्यांचे येतच होते. एके दिवशी वैजयंती आली ती दारातच उभी राहिली. आमच्याच सेक्टरमधल्या एका बाईंनी मुंजीची ऑर्डर परत घेतली होती. त्या बाईंच्या जावेनं वैजयंतीचं नाव गूगलवर टाकून बघितलं होतं.

"त्या वाईट बोलल्या नाहीत," वैजयंती खाली बघत म्हणाली. "म्हणाल्या, तुझ्या हाताला चव आहे, पण सासूबाईंना चालणार नाही, पहिलं कार्य आहे. आणि गल्लीत ती रंगूबाई. मी परात घेऊन निघाले की विचारते, 'काय गो, आज कोनाचं तेरावं हाय?' पोळ्या बारशाच्या असतात वो काकू. मला सांगायची पण लाज वाटते आता."

मी शौनकला फोन केला. म्हटलं, ते पेज जरा खाली आण.

"आजी, लोक वर यायला वर्षं घालवतात. तू खाली आण म्हणतेस?"

"मग दुसरं काही तरी वर आण."

डोहाळजेवणाचं, मुंजीचं, बारशाचं, मी एकेक पेज लिहिलं. तितक्याच काळजीनं लिहिलं. ती कुठे तरी तिसऱ्या-चौथ्या पानावर पडून राहिली. त्यांच्यात कुणाचा खरा अनुभव नव्हता, हे शौनकनं सांगितलं. जेवलेल्यांपैकी कुणीतरी नावानिशी लिहायला हवं होतं. वैजयंती दोन-तीन जणींना बोलली. त्यांनी हो हो म्हटलं आणि लिहिलं नाही.

आणि याच सुमारास जाईला सातवा लागला.

सूनबाईचा, म्हणजे शौनकच्या आईचा, गीतांजलीचा, फोन आला. कार्यक्रम माझ्या नेरूळच्या सोसायटीच्या हॉलमध्ये करायचं ठरत होतं, कारण हॉल मोठा आणि मला जायला-यायला नको. मी म्हटलं, वैजयंतीला सांगून ठेवते.

"आई, त्याचंच बोलायचं होतं." गीतांजली जपून बोलते, नेहमीच. "त्यांचं जेवण छानच असतं, प्रश्न तो नाही. पण जाईच्या आईनं सहज नाव टाकून बघितलं. पहिलंच काय आलं, तर आपल्या बाबांचं तेरावं. केळीच्या पानाच्या फोटोसकट. त्या काही बोलल्या नाहीत, पण मला कसंसंच झालं. पहिलटकरीण आहे पोर. वाशीचे एक आहेत, त्यांची साइट बघितली मी, फुलांची सजावटसुद्धा तेच करतात."

तेव्हा मला बोलता आलं असतं. नुसता अनुभवच नाही, ते अख्खं पेज मी लिहिलंय, तिनं नव्हे, असं म्हणता आलं असतं. शौनकच्या लग्नाच्या हळदीची गोष्ट सांगता आली असती. विलासला जाऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. एकेका सवाष्णीला हाक मारत होते. मला कुणी बाजूला हो म्हटलं नाही. मी आपणच उठून मागच्या खुर्चीवर जाऊन बसले. वैजयंती नाश्त्याचे ट्रे फिरवत होती. तिनं ट्रे ठेवला, हळदीची वाटी उचलली, माझ्यासमोर धरली आणि म्हणाली, "नातू तुमचा हाय ना? मग लावा की. बायका वाट बघतायत." मी उठले. मला उठताना सगळ्यांनी पाहिलं, आणि कुणाला काही वाटलं नाही.

यातलं मी काहीच बोलले नाही. मी म्हटलं, "तुम्हाला योग्य वाटेल तसं करा."

दोन दिवसांनी वैजयंती भाजी घेताना मार्केटमध्ये भेटली. "काकू, जाईताईंचं कधी? मी या महिन्यातले रविवार धरून ठेवलेत."

"अगं, ते पुण्याला करायचं म्हणतायत. तिच्या माहेरी."

हे वाक्य माझ्या तोंडून इतक्या सहज आलं की माझी मलाच भीती वाटली. वैजयंती म्हणाली, "मग बरं. मी आपली घरी येऊन ओटी भरून जाईन." आणि तिनं माझी पिशवी उचलून रिक्षात ठेवून दिली.

कार्यक्रम २३ नोव्हेंबरला झाला, रविवारी. फुलांचा झोपाळा, फुलांचा धनुष्यबाण, फुलांचीच चंद्रकोर. जाई हिरव्या साडीत छान दिसत होती. ओटीच्या वेळी मी मागे सरकले तर तिनं हाक मारली, "आजी, तुम्ही आधी." मी तिची ओटी भरली.

मग पंगत बसली. वाशीच्या केटररची मुलं सारखे टी-शर्ट घालून वाढत होती. मसालेभात, कटाची आमटी, सुरळीच्या वड्या, पुरणपोळी. डाव्या बाजूला वाढलेलं बोटभर पंचामृत मी तोंडाला लावलं.

कारळ्याचं कूट होतं. खोबऱ्याचे काप मिरच्यांबरोबर परतलेले होते, कडेनं जरा करपवलेले, माझी आई करायची तसे.

मी पुरणपोळी मोडली. त्यात जायफळ नव्हतं. विलासला जायफळ सोसत नसे, म्हणून आमच्या घरच्या पुरणात वैजयंती ते घालायची नाही, बडीशेपेची पूड घालायची. विलास गेल्यावरही तिनं ते तसंच ठेवलं होतं.

वाढणाऱ्या मुलाला मी विचारलं, "स्वयंपाक कुणी केलाय?"

"आमचाच आहे ना आजी."

"रांधला कुठे?"

तो जरा घुटमळला. "करावेवरनं उचलतो आम्ही. तिथे एक मावशी आहेत. चांगलं नाही झालंय का?"

"चांगलं झालंय," मी म्हटलं.

ऑर्डरवर नाव, सोसायटी, हॉल, सगळं असणारच. तिला कळलं होतं की हे आम्हा खांबेट्यांचं आहे आणि पुण्याला नाही. ते कळूनही तिनं पंचामृत आमच्या पद्धतीनं केलं होतं.

पलीकडून गीतांजली म्हणाली, "बघा आई, मी म्हटलं नव्हतं? प्रोफेशनल ते प्रोफेशनल." जाईच्या आईनं दुसरी पोळी घेतली. जाई बोटानं पंचामृत चाटून आणखी मागत होती. आणि मी तिथेही बोलले नाही. पंगतीवर विरजण नको, असं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे तोंड उघडलं असतं तर पुण्याचं खोटंही बाहेर आलं असतं.

पाहुणे गेल्यावर मी रिक्षा केली आणि करावेला गेले. वैजयंती ओट्यावर मोठं पातेलं घासत होती. सयाजीनं उठून खुर्ची पुढे केली.

"आलात पुण्याहून?" वैजयंतीनं मान वर न करता विचारलं.

मी बसले नाही. "वैजयंती, माझं चुकलं."

"लवकर आलात. एक्स्प्रेस वेवरनं आलात काय?"

"ए," सयाजी म्हणाला, "म्हातारं माणूस आहे."

"तुमी गप बसा. माझी काकू आहे, मी बोलीन." तिनं पातेलं उपडं घातलं आणि हात पुसले. "पोरगा ऑर्डरचा कागद घेऊन आला, म्हणला मावशी, नेरूळ, खांबेटे, डोहाळजेवण. मला वाटलं दुसरे कुणी खांबेटे असतील. हॉलचं नाव वाचलं तेव्हा समजलं."

"मग केलंस कशाला?"

"नाही म्हणाले असते तर जाईताईंना कुणी खाऊ घातलं असतं? ते टी-शर्टवाले?" तिनं हात पुसलेलं फडकं खांद्यावर टाकलं. "लोकांचं मला काय वाटत नाही आता. रंगूबाईचं पण नाही. त्या मुंजवाल्या बाईंचं नाही. तुमी तरी माझं नाव घ्याल, एवढंच वाटलं होतं."

मी म्हटलं, "ते तेराव्याचं पेज काढून टाकायला सांगते शौनकला. आजच."

"कशाला? ती पोरगी परत कुणाला फोन करेल, आईच्या वर्षश्राद्धाला? ते राहू दे. मेलेल्याच्या घरचं रांधायची मला लाज नाही काकू. इतरांना वाटते, त्याचं काय करू ते सांगा."

मग मी तिला सांगितलं, की आजच्या जेवणाचा अनुभव मी लिहीन. माझ्या नावानं, डोहाळजेवणाच्या पेजवर. नेरूळ, हॉल, तारीख, नातसून, सगळं घालून.

तिनं माझ्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. "लिहा की. पण आधी गीतांजली वहिनींना सांगा. त्यांना गूगलवरनं कळायला नको. मला कागदावरनं कळलं, ते कसं वाटतं ते मला विचारा."

निघताना तिनं एक स्टीलचा डबा हातात दिला. काय आहे ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

घरी येऊन गीतांजलीला फोन लावला. सगळं सांगितलं: जेवण कुणी केलं, तेराव्याचं अख्खं पेज कुणी लिहिलं, पुण्याची थाप कुणी मारली. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आई, जाईच्या आईला मी काय सांगू?"

"त्यांनी दोन पोळ्या खाल्ल्या ते सांग."

"तुम्ही हे मला आधी सांगायला हवं होतं."

"हो."

"उद्या बोलू," ती म्हणाली, आणि फोन ठेवला. रागानं ठेवला की कसा, ते कळलं नाही.

मग मी लिहायला बसले. श्राद्धाच्या वेळी शब्द भरभर आले होते. आज एकेक वाक्य खोडावं लागलं. शेवटी एवढंच राहिलं: 'आज नेरूळ येथे माझी नातसून जाई हिच्या डोहाळजेवणाचा सगळा स्वयंपाक करावे येथील वैजयंती सयाजी शेवाळे यांनी केला. आम्ही त्यांना बोलावलं नव्हतं. ऑर्डर दुसरीकडे दिली होती आणि ती फिरून त्यांच्याकडे गेली. त्यांच्या हातचं माझ्या घरच्या दुःखात आम्ही जेवलो होतो, म्हणून आनंदाच्या जेवणाला त्यांचं नाव घ्यायला आम्हाला संकोच वाटला. जेवण उत्तम होतं. संकोच चुकीचा होता. अरुणा विलास खांबेटे.' शौनकला पाठवलं. त्याचं उत्तर आलं, 'आजी, असा रिव्ह्यू कुणी लिहीत नाही.' थोड्या वेळानं दुसरं आलं, 'टाकला.'

तो पहिल्या नंबरावर येईल की चौथ्या पानावर पडून राहील, मला ठाऊक नाही. वैजयंतीनं तो वाचला की नाही, तेही नाही. झोपण्याआधी डायरी उघडली. दिवसाची नोंद मोठी झाली. शेवटची ओळ अशी आहे:

वैजयंतीनं दिलेलं पंचामृत, आंबट आहे म्हणून, स्टीलच्या डब्यातून काचेच्या बरणीत काढून ठेवलं.